आज काय करावं वाटते, कुसुम?

जयभीम.

भावांनो, बहिणींनो, माह्या कुसुमसाठी तुमी एवढे सारे विहारात आले. कोहक्याचे आले, स्मृति नगरातले शेजारी आले, मिलमधले जुने सोबती दुर्गच्या मोहन नगरातून आले. मी उभा तर झालो, पण बोलता येईन का नाही, मले माहीत नाही. मिलमध्ये सारी नोकरी ओरडूनच बोललो. मशीनच्या आवाजात दुसरं काय करणार? हळू बोलाले मी शिकलोच नाही. मधात थांबलो तर थांबू द्या. रडलो तर रडू द्या.

आत्ता महिला मंडळाच्या बहिणींनी सांगतलं, कुसुमताई शेवटपर्यंत हिमतीनं राहिली. खरं आहे. पण आठ दिवसांपासून जो येते तो मले म्हणते, "भाऊ, तुमी वहिनीची लय सेवा केली." बाप्पा! ते ऐकलं की मी खाली पाहतो. कावून पाहतो, ते सांगाले आज उभा झालो.

मागच्या दिवाळीनंतर तिले लकवा मारला, तुमाले माहीत आहे. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. जीभ तेवढी शाबूत राहिली. दवाखान्यातून घरी आणलं आणि दुसऱ्याच दिवशी मी बाजारातून पांढरा बोर्ड घेऊन आलो. मिलवाल्यांना सांगाची गरज नाही, शिफ्टच्या ऑफिसात कसा बोर्ड असते ते. आजचं टारगेट, आज किती झालं, किती बाकी. मी फोरमन होतो. जिंदगीभर तोच बोर्ड भरला. तसाच बोर्ड मी माह्या बायकोच्या पलंगासमोर ठोकला. पलंग ते दरवाजा, संक्रांतीपर्यंत. दरवाजा ते गेट, होळीपर्यंत. आणि सगळ्यात वर, लाल पेनानं, चौदा एप्रिल. विहारापर्यंत, पायानं.

रोज संध्याकाळी मी लिहत होतो. टारगेट दहा पावलं, झाली चार, बाकी सहा. रोज तिच्या डोळ्यासमोर ते 'बाकी'. आमची निशा रायपूरहून आली, बोर्ड पाहून म्हणे, "पापा, ये मम्मी है, मिल नहीं है." मी तिलेच झापलं. म्हटलं, तुले काय समजते? टारगेट नसन तर तुही माय पलंगालेच चिकटन. मले वाटे, मी हिंमत देऊन राहिलो. तिले काय वाटे, ते मी विचारलंच नाही.

होळी आली. ती दरवाजापर्यंतच होती. चौदा एप्रिल आली. सकाळीच तिनं निशाकडून पांढरी साडी नेसून घेतली. निळ्या काठाची, दर साली नेसे ती. आणि मले म्हणे, "अवो, खुर्चीवर बसवून घेऊन चला ना." व्हीलचेअर घरातच होती. गाडी होती. निशा होती. काय कमी होतं? पण मी म्हटलं, "खुर्चीवर बसून गेली तर मग चालशीन कधी? राहू दे. पुढच्या साली ऐटीत चालत जाऊ." आणि मी एकटा निघून आलो.

विहाराच्या याच दरवाजात तुमी मले विचारलं होतं. "वहिनी कुठं आहे?" मी म्हटलं, तिची तब्येत बरी नाही, तीच नाही म्हणाली. मी खोटं बोललो, बहिणींनो. तिची तब्येत ठीक होती. ती साडी नेसून खिडकीजवळ बसली होती. आपली मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडावरून गेली, ते ढोल तिनं घरातूनच ऐकले. दुपारी मी परत गेलो, तर मले एवढंच म्हणे, "जेवणात बुंदी होती का?" मी हाव म्हटलं. मग तिनं निशाले सांगतलं, साडी काढून दे.

मले ती रागावली असती ना, तर बरं झालं असतं.

चार-पाच दिवसांनी म्हणे, "निशाचे बाबा, तो बोर्ड काढून टाका. तुमी रोज विचारता, किती झालं. एक दिवस असं विचारून पाहा ना, आज काय करावं वाटते." मी दोन दिवस फुगून बसलो. तिसऱ्या दिवशी बोर्ड काढला, आणि सकाळी चहा देता देता विचारलं. "काय करावं वाटते आज?" तर म्हणे, "गोंदियाच्या बहिणीशी भांडाचं आहे. फोन लावून द्या." लावून दिला. अर्धा घंटा भांडली. दिवसभर चेहरा कसा खुलला होता तिचा!

मग रोज तेच. एक दिवस म्हणे, डाव्या हातानं भाकर थापून पाहाची आहे. भाकर कशाची, नकाशा झाला होता. मी खाल्ला तो नकाशा, ठेच्यासंग. एक दिवस डाव्या हातानं सही गिरवत बसली. तिले कोणी सांगतलं नव्हतं, आठ-पंधरा दिवसांत जमली. आणि कधी कधी म्हणे, "आज काहीच नाही वाटत." त्या दिवशी काही नाही. ते ऐकून गप बसाचं, हे मले सगळ्यात जड गेलं, खोटं कावून बोलू?

एका सकाळी म्हणे, गेटवरच्या पेरूले फळ धरलं का, पाहाचं आहे. वॉकर धरून निघाली. तीनदा थांबली. आणि पोचली ना हो, गेटपर्यंत! माहा हात खिशात गेला पेन काढाले. सवय! तिनं पाहिलं. म्हणे, "पेन काढला तर इथंच फतकल मारून बसीन, सांगून ठेवते." रस्त्यावरचे लोक पाहून राहिले होते, आमी दोघं कावून हसतो म्हणून.

मी टारगेटले वाईट म्हणत नाही. आमच्या मिलमधला रेल पाटा ठरल्या मापाचाच पाहिजे, नाहीतर गाडी घसरते. पण माणूस रोज सकाळी वेगळा उठते. हे मले म्हातारपणी बायकोनं शिकवलं. इथं लय मायबाप बसले आहेत, ज्यांच्या पोरांच्या टेबलासमोर भिंतीवर कॉलेजचं नाव चिकटवलेलं आहे. मी कोण सांगणारा? फक्त एकदा पोराले विचारून पाहा. आणि उत्तर आलं की ऐकून घ्या.

त्या दिवसांत मी दोनदा तिले म्हटलं, चल, खुर्चीवर बस, विहारात जाऊन येऊ. दोन्ही वेळा म्हणे, "पुढच्या साली." माह्याच शब्दांत. टोमणा होता का खरंच तसं वाटे तिले, आता कोणाले विचारू?

गेल्या बुधवारी सकाळी मी चहा दिला, विचारलं. तर म्हणे, "रोज मीच सांगते. आज तुमी सांगा. तुमाले काय करावं वाटते?"

भावांनो, एवढं वय झालं, मले हे कोणी विचारलंच नव्हतं, मीही स्वतःले विचारलं नव्हतं. म्हटलं, "दूध घेऊन येतो, मग सांगतो." दूध घेऊन आलो तेव्हा कुसुम बोलत नव्हती. दवाखान्यात नेलं. दुपारी गेली.

आठ दिवस मी विचार करून राहिलो. आता उत्तर आलं. मले तिच्या बाजूले बसाचं होतं. बस. दुसरं काही नाही.

आता आपण तिच्यासाठी दोन मिनिटं शांत राहू. रीत उभं राहाची आहे, मले माहीत आहे. भन्तेजी, माफ करा. माही सर्वांना हात जोडून विनंती आहे, कोणी उठू नका. तिले उभं करासाठी मी लय छळलं. आज सारे बसूनच राहा.

मीही तिच्या फोटोजवळ खाली बसतो.