मामंजींची दाढ

माझं म्हायार पानशेताकडचं, दिली हितं गुंजवण्याला, राजगडाच्या पायथ्याला, आन् काय सांगू तुमाला, माझी आई मी रांगती आसतानाच गेली, तवा माया म्हंजी काय ती म्या सासरीच बघितली. मामंजी, म्हंजी माझं सासरं, गुरं घिऊन डोंगरावर जायचं, शीळ घातली की खालच्या वाडीपत्तुर ऐकू यायची. मंग त्यांच्या हाताला कापरं सुटलं. आदी उजवा हात, मंग हनुवटी. दात घासाया लिंबाची काडी धरली की ती हिरडीत घुसायची, रगात यायचं, म्हनून त्यांनी दात घासनंच सोडलं. मंग दाढ किडली, गाल सुजला, दुधात कुस्करल्याली भाकर बी उतरंना. मानूस वाळत चाललं, आन् लोकं म्हनायची, बाहेरचं हाय, देवरुशाकडं न्या.

मालकांनी गाडी जुपली. आमचा मुलूख भोर संस्थानाचा, तवा भोरच्याच दवाखान्यात गेलो. डाक्टर तरना, पन धीराचा. तोंड बघून म्हनला, कापरं माझ्या हातात न्हाई, दाढ हाय. पन डोकं हालतंय तर चिमटा लावायचा कसा? त्यानं इचारलं, घरी घास कोन भरवतं? मालकांनी माझ्याकडं बोट दावलं. मंग डोकं हिनंच धरावं, म्हनला. आता सुनंनं सासऱ्याला धरायचं कसं वो, मी पदर वढून भितीला चिकटली. तवा मामंजीच म्हनलं, धर गं पोरी, तू धरलंस तर मी हालायचा न्हाई.

हाललं की, कापरंच ते. पन म्या डोकं छातीशी गच्च धरलं आन् दाढ निघाली.

डाक्टरनं मला शिकिवलं, फडकं मिठाच्या कोमट पान्यात भिजवून बोटाला गुंडाळायचं, एका बाजूला दाताखाली कापडाची घडी ठिवायची म्हंजी बोट चावलं जात न्हाई, आन् घाई करायची न्हाई. रोज सकाळी वसरीवर बसवून मी त्यांचं तोंड धुयाची. बाया हसायच्या, तर सासूबाई त्यास्नी म्हनल्या, लाज आमच्या घरची हाय, आमी बघू.

गाल उतरला, भाकर जाया लागली. कापरं वाढतच गेलं, शेवटाला बोलनं बी गेलं, पन घास कदी थांबला न्हाई. औंदा सुगी झाल्यावर मामंजी गेलं. तोंडात शेवटचं पानी म्याच घातलं.

आता सकाळचं हात रिकामं वाटत्यात. डाक्टरचं नाव बी म्या इचारलं न्हाई बगा. जितं आसंल तितं सुकी ऱ्हावं लेकरू, आन् त्याच्या आईबापाच्या म्हातारपनाला कुनीतरी हात लावनारं आसू दे.