रडायचा मान

आईची शपथ, खरं सांगतो — नाही, आईची नको, ती आधीच आजारी आहे — माझी शपथ. बरंचसं खरं आहे. आणि तो कॅमेरा खाली घ्या, रिक्षावाला म्हणजे माकड नाही. लुबाबाईकडेच ना? स्टँडवर उतरणारा प्रत्येक शहाणा तिच्याकडेच जातो. इथल्या माणसाला कोण विचारतं? कोणी नाही.

तिकडे रशियात मोठ्या थेटरात गायची ती — सोव्हिएत होतं तेव्हा — रोज स्टेजवर मरायची. हो, गाता गाता! सुरा खुपसला तरी बाई अर्धा तास गाते, तिकडे तसंच असतं म्हणे. शिरपूरचे डॉक्टर प्रेमराज तिथं शिकायला गेले, येताना हिला बायको करून धुळ्यात घेऊन आले. आता इथं गाणार कुठं? लग्नात डीजे. मग शेजारचे रुपचंद नाना वारले, ही मयतीला गेली, बायका हेल काढून रडत होत्या — हिला वाटलं गाणंच चाललंय! घेतला की सूर! पत्रे थरथरले, तिरडी बांधणाऱ्यांनी हात जोडले. तेव्हापासून कोणी मेलं की पहिला निरोप लुबाबाईला, सख्ख्या लेकीला नंतर.

अन् त्याआधी तो मान कोणाचा होता? माझ्या आईचा! सुंदरबाईचा! मेलेल्याचे गुण असे गुंफायची की दारुड्याचा देव व्हायचा. एकदा दोघी भांडल्या, भर मयतीत — प्रेत राहिलं बाजूला — अन् ठरलं, जी आधी जाईल तिच्या दारात दुसरीनं रडायचं. झालं! दोघी मरायलाच तयार नाहीत. दवाखान्यातल्या डॉक्टरनं आईला दिवाळीपर्यंतच सांगितलेलं, होळी झाली. म्हणते, "पहिले ती मरी, मंग मी रडसू." लुबाबाईकडे जाऊन हे बोलायचं नाही, समजलं? सुंदरबाई ठणठणीत आहे म्हणा. जात्यावर दळते म्हणा.

थांबा, आमच्या ह्या गल्लीत वळतो, आईला गोळी देतो अन् — हसता कशाला? काय? कसला आवाज? बाई गातेय? रेडिओ असेल कोणाचा. गप्प बसा जरा. — नाही हो, लुबाबाईचा बंगला देवपुरात, पुलापलीकडे. तिथून इथपर्यंत ऐकू येईल — नाही.

नाही येणार.

उतरा. इथंच. मुलाखत-बिलाखत काही नाही, लुबाबाई तिच्या घरी नाहीये. कॅमेरा बंद करा म्हणतो ना! भाडं काढा.