कच्चं खाणं आणि उतरता आकडा

...नाही, पण पालक कच्चा खायचा म्हणजे किती खायचा? परातभर? तुम्हाला सांगतो, परातीत नुसतं हिरवं, त्यावर तीळ, भोपळ्याच्या बिया, मोड आलेली मसूर, बिटाच्या चकत्या, वरून लिंबू... आणि समोर बायको, हनुवटीला हात लावून, पेपर तपासायला बसल्यासारखी. "चावून खा. चावल्याशिवाय लोह अंगी लागत नाही." अहो, दात झिजले माझे, लोह काही लागेना!

सहा महिन्यांपूर्वी ही कुठल्याशा शिबिराला जाऊन आली आणि घरातला गॅसच बंद केला. "आजपासून दूध नाही, अंडं नाही, शिजवलेलं नाही. जे झाडाचं, तेच, आणि तेही कच्चं." मी म्हटलं, आणि चहा? "चहा उकळतात!" विषय संपला. शेगडीवर तिनं पुदिन्याची कुंडी ठेवली.

आता तुम्ही म्हणाल, बरंय की, प्रकृती सुधारेल. सुधारली ना! पोट उतरलं, चेहरा उतरला... आणि रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन अकरा. पुढच्या खेपेला दहा. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या, ("गोळी शिजवलेली नसते ना?" इति बायको) तरी साडेनऊ. परात वाढतेय, आकडा मात्र खालीच!

आणि मी काय खुर्चीत बसून डुलक्या काढणारा माणूस आहे का हो? मी लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टच्या आत बसून नाही, लिफ्टच्या डोक्यावर उभं राहून! आजूबाजूला अंधार, पायाखाली अकरा मजले आणि वर मोटारीच्या खोलीत माझा जोडीदार ढब्बू. लिफ्ट जुनी, सगळा कारभार हाकांवर. मी ओरडायचं "घे वर", तो घेणार. मी ओरडायचं "थांब", तो थांबवणार. माझा आवाज हाच ब्रेक. आता ब्रेकच गेला तर?

गेला! एका मंगळवारी. "घे वर" म्हटलं, लिफ्टचा डबा निघाला आणि डोळ्यांपुढे काजवे... वर बघतो तर छताचा बीम खाली येतोय. सावकाश. अगदी घाई नसल्यासारखा. मला "थांब" म्हणायचंय, तोंडातून नुसती हवा! बीम आला, आला... आणि डोक्यापासून वीतभरावर असताना डबा थांबला. ढब्बू जिना उतरत धावत आला. "भाऊ, दर मजल्याला शिव्या देता, आज एकही ऐकू आली नाही, म्हणून थांबवलं." बघा! शिव्यांनी वाचलो. पण दर वेळी वाचेन?

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. साडेआठ. आकडा खालीच! हिनं परातीतलं सगळं पाढे म्हटल्यासारखं म्हणून दाखवलं. बाई म्हणाल्या, "भिजवता, मोड आणता, लिंबू पिळता, सगळं बरोबर आहे. मग लोह जातंय कुठे?" आणि रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागल्या. डॉक्टर रिपोर्ट दोनदा वाचायला लागला की माणसानं काय समजायचं हो? मग हळूच म्हणाल्या, "आतून कुठे रक्त जात असेल तर बघायला हवं. लवकर." हिनं माझी बाही घट्ट धरली.

"जेवल्यावर लगेच काय पिता? चहा?"

"चहा?" ही म्हणाली. "घरात नावसुद्धा नाही!"

आता बोलावं तर बायको, न बोलावं तर बीम! पण ही बाही सोडेना हो... म्हटलं, "रोज तीन कप. जेवणाचा डबा संपला की ढब्बूच्या थर्मासातला. पण कोरा! दूध नाही, म्हणजे अर्धा नियम पाळलाच की. आणि गोळी पण त्याच घोटाबरोबर..."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, जेवणावर चहा ओतलात की पाल्यातलं लोह रक्तात जायचं ते अडकून बसतं. गोळीचं तेच. दोन तासांनी प्या! आणि आकडा दहावर जाईपर्यंत लिफ्टवर चढायचं नाही."

हिनं चिठ्ठीची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. ओरडली असती तर परवडलं असतं! दुसऱ्या दिवशी परात आली, लिंबू आलं, आणि बरोबर दोन तासांनी समोर कप. "घ्या. चहा." डोळे भरून आले माझे! घोट घेतला... गार. पत्ती सकाळपासून गार पाण्यात भिजवलेली. "उकळला नाहीये," ती म्हणाली.

प्यायलो. दोन महिने प्यायलो. काल रक्त तपासलं, आणि तुम्हाला सांगतो, साडेदहा! ढब्बूनं मिठी मारली, ही देवाला नमस्कार करून आली, आणि मी डोक्याला हात लावला. कारण आकडा वर आला म्हणजे काय झालं, कळलं का? परात बरोबर होती! अहो, आता जन्मभर सुटका नाही...