कॉलरच्या आत

शिंपीण : कुलूप मीच लावायचे, साहेब. बाहेरून. त्यात वकिली करण्यासारखं काही नाही.

न्यायाधीश : म्हणजे आरोप मान्य.

शिंपीण : मान्य. मेल्यावर कशाला खोटं बोलू? दुकानात जाताना आमच्या ह्यांना खोलीत ठेवून जायचे. मोकळे सुटले की रस्त्यावर जायचे आणि कुणाच्याही दारात उभे राहायचे. एके काळी अख्ख्या बाजाराची मापं तोंडपाठ होती त्यांना. शेवटी शेवटी स्वतःचं नावही आठवेना.

न्यायाधीश : कारणं इथे धरली जात नाहीत. फक्त कृत्य.

शिपाई : बाई, साहेबांसमोर थोडक्यात बोलायचं असतं. मागे रांग आहे.

शिंपीण : रांगेतल्यांना आता कुठली गाडी पकडायचीय?

न्यायाधीश : मृत्यू कसा झाला?

शिंपीण : थंडी होती म्हणून खोलीत कोळशाची शेगडी पेटवली आणि खिडक्या घट्ट लावून घेतल्या. झोपेतच गेलो दोघं. हे माझ्या आधी गेले. म्हणून विचारते, इथे आले असतील ना? उंच, जरा वाकलेले. डाव्या हाताचा अंगठा सारखा चोळत असतात.

शिपाई : साहेब, मघाचा तो.

न्यायाधीश : आठवतं. नाव विचारलं, त्याने सांगितलं नाही. नाव न सांगणारा काहीतरी लपवतो. त्याला काळोखाच्या खोलीत पाठवलं.

शिंपीण : लपवतो? अहो, त्यांना आठवत नाही. परत विचारायचं होतंत.

न्यायाधीश : इथे प्रश्न एकदाच विचारतात.

शिंपीण : मग शर्टाची कॉलर तरी उलटून बघायची. आत नाव-पत्ता शिवलाय मी, निळ्या दोऱ्याने. हरवले तर कुणीतरी घरी आणून सोडावं म्हणून.

शिपाई : अंगावरचे कपडे आम्ही दारातच काढून घेतो. सगळ्यांना सारखा पांढरा सदरा. तसा नियमच आहे.

शिंपीण : धन्य आहे तुमच्या नियमाची. बरं, ते काही बोलले का?

शिपाई : विचारत होते, ‘ती आली का?’

शिंपीण : आणि तुम्ही काय सांगितलंत?

न्यायाधीश : काहीच नाही. इथे प्रश्न मी विचारतो.

शिंपीण : मग परत विचारलं असेल.

शिपाई : दार लागेपर्यंत विचारत होते. लागल्यावरही आतून आवाज येत होता. साहेबांनी पुढच्याला बोलावलं.

न्यायाधीश : शिपाई, त्याचा शर्ट आण.

शिपाई : कोठीत ढीग पडलाय, साहेब. आणि निकाल एकदा दिला की...

न्यायाधीश : आण म्हटलं ना.

शिंपीण : निळा दोरा, लक्षात ठेवा. आणि खालून दुसरं बटण वेगळ्या रंगाचं आहे.

न्यायाधीश : बाई, तोच प्रश्न सारखा ऐकून तुम्हाला राग यायचा?

शिंपीण : यायचा की. संध्याकाळी घरी मशीनवर बसले की मुद्दाम जोरात पाय मारायचे, ऐकू येऊ नये म्हणून. पण मशीन कधीतरी थांबवावंच लागतं. थांबलं की तेच, ‘ती आली का?’ मी समोरच बसलेली असायचे, साहेब. मी म्हणायचे, आली. मग हे हसायचे. तेवढ्यापुरतं.

न्यायाधीश : उत्तर टिकतच नसेल तर द्यायचं कशाला?

शिंपीण : भरलेलं पोट तरी कुठे टिकतं? जेवतोच ना माणूस. तुम्ही जेवत नसाल म्हणा.

शिपाई : सापडला, साहेब. हा घ्या.

न्यायाधीश : नाव. पत्ता. खाली आणखी एक ओळ आहे. ‘ओरडू नका, घाबरतात.’

शिंपीण : तेवढीच जागा उरली होती.

न्यायाधीश : मी ओरडलो नव्हतो.

शिपाई : नाही, साहेब. तुम्ही कधीच ओरडत नाही.

न्यायाधीश : पण मान वर करून बघितलंही नव्हतं.

शिंपीण : दार उघडा. मी जाते आत.

न्यायाधीश : आत गेलेलं कुणी बाहेर येत नाही. आणि तुमचा निकाल उजेडाच्या बाजूने लागतोय.

शिंपीण : मघाशी तर कारणं धरत नव्हता.

न्यायाधीश : ते मघाशी.

शिंपीण : उजेडात एकटी बसून काय करू, साहेब? इतके दिवस कुलूप बाहेरून लावलं, आता आत बसते. मला राहवत नाही. ते भिंत चाचपत फिरत असतील.

न्यायाधीश : शिपाई, आत नेमकं काय आहे?

शिपाई : काय माहीत. आपण नुसते पाठवतो.

(न्यायाधीश शर्ट हातात घेऊन खुर्चीतून उठतो.)

शिपाई : साहेब, हे काय? खुर्ची रिकामी ठेवून? तुम्हीही अडकलात तर?

न्यायाधीश : तर रांगेतल्यांना सांग, थांबा म्हणावं. बाई, तुम्ही इथे बसा. त्यांना मी घेऊन येतो.

शिंपीण : आणि नाही जमलं तर?

न्यायाधीश : मग ते तिथे एकटे तरी नसतील. काय करायचं ते सांगा.

शिंपीण : एकदम जवळ जाऊ नका. आधी थोडा आवाज द्या. कोपराला धरा, मनगट धरलेलं त्यांना चालत नाही. आणि नाव विचारू नका. तुम्हीच सांगा त्यांना त्यांचं नाव.

न्यायाधीश : बरं.

शिंपीण : ते विचारतील, ती आली का?

न्यायाधीश : सांगेन, आली.

शिंपीण : लगेच परत विचारतील.

न्यायाधीश : परत सांगेन.