सर्टिफिकेट नंतर काढू

लोणावळ्याच्या एसटी स्टँडवर तळेगावची बस येत नव्हती. माझ्या मागच्या बाकावर लॅपटॉपची बॅग मांडीवर घेतलेली एक मुलगी सारखी फोन बघत होती. शेजारी तिचे मामा होते, खंडाळ्यातला एक बंगला सांभाळणारे.

"काय म्हनाली गं ती मुंबैची कंपनी, सारिका?"

"त्यांचे चाळीस बंगले आपल्या पाहुणे-नोंदीच्या ॲपवर येणार होते, मामा. आता म्हणतात, आधी बाहेरच्या ऑडिटरचं सुरक्षेचं सर्टिफिकेट दाखवा."

"मंग दाखव की."

"काढलंच नाही! मोठं गिऱ्हाईक मिळालं की काढू म्हटलं होतं."

"उद्या काढ."

"उद्या कसं? ते लोक महिनोन्महिने तपासतात. कोण काय उघडतं, पासवर्ड कुठे ठेवतं, सगळं. तोवर ही कंपनी थांबतेय होय!"

"मंग सुरवातीलाच का न्हाई बलावलं त्यास्नी?"

"ॲप सुरू केलं तेव्हा आम्ही तिघंच होतो. आमचं आम्हीच तपासलं, सगळं चोख होतं. बाहेरचा येऊन आणखी काय बघणार होता? बस का येत नाहीये ही?"

"व्हय, माज्याकडं बी एकदम चोख हाय. तू दिल्याला ॲपचा पासवर्ड इसरू न्हाई म्हनून गेटावरच्या मीटरच्या पेटीवर ऑइलपेंटनं लिवलाय."

"मामा! कुठे?"

"गेटावर. पाव्हन्यांना वाटतं, वायफायचाच हाय. मी लगीच सांगतो, सायेब, ह्यो वायफायचा न्हाई, ह्यो समद्या पाव्हन्यांच्या आधार कार्डांचा हाय."