त्याच ताग्यातलं कापड

— नाही वहिनी, तुमच्या लेकीचा युनिफॉर्म अजून झालेला नाही. आधी माझ्या लेकीचा. बसा ना, शाळेचे कपडे शिवणारी इथं मी एकटीच, जाताय कुठे? हो, माझीच लेक, तीच, जिचं बाळ आता रांगतंय — आणि जिच्याबद्दल तुम्ही पालकांच्या सभेत उभ्या राहून म्हणालात — काय बरं म्हणालात? 'अशी मुलगी वर्गात बसली तर आमच्या मुलींनी काय शिकायचं?' टाळ्या पडल्या, शाळेनं तिचं नाव काढलं. मी मागच्या बाकावर होते. घरी येऊन मशीनवर बसले आणि म्हटलं, थांब, तुला दाखवते. वर्षभर शिक्षणखात्यातल्या साहेबांचे उंबरे झिजवले — आणि आला की नाही हुकूम? तीच शाळा, तोच वर्ग. आणि बाक? तुमच्या लेकीच्या शेजारचा! मुद्दाम मागून घेतलाय.

हात लावून बघा — तुमच्या लेकीचं कापड ज्या ताग्यातलं, त्यातलंच हे. पुढं चुण्यांखाली हुकं लावलीत, बाहेरून दिसत नाहीत. मधल्या सुट्टीत मी बाळ घेऊन फाटकाशी येणार, तिथंच पाजेल ती. सगळ्यांदेखत. तुम्ही डबा घेऊन त्याच वेळी येता ना? या, नक्की या! — ती? तिला काय विचारायचंय? रडते. 'आई, तिथं नको गं, सगळ्या हसतील, मी दुसरीकडे शिकते' — म्हटलं, गप. मान वर करून तिथंच बसायचं. मापं घेताना अंग चोरून उभी होती. धड जेवत नाही. होईल सवय! एकदा माझ्या जिवाला थंडावा मिळू दे, मग शिक म्हणावं कुठं शिकायचं ते.

— पिशवीतून काय काढताय? हा रंग आपल्या शाळेचा नाही. पलीकडच्या शाळेचा? कुणासाठी? — माझ्या लेकीसाठी? तुम्ही? चुकलं म्हणता? आत्ता चुकलं? — आणि शाळेच्या वेळात बाळ कोण बघणार — तुम्ही? हे कुणी ठरवलं? — ती आली होती? तुमच्या दारात? आणि मला न सांगता? — का, मला का नाही सांगितलं? — भीती वाटते? कुणाची, तुमचीच ना — माझी?

उठा वहिनी. उठा म्हणते ना. दार लोटून घ्या जाताना. — ते पलीकडच्या शाळेचं कापड परत कशाला उचलताय? ठेवा. ठेवा म्हटलं ना, आणि जा.