लोखंडी पेटीमागची भिंत

भिंतीच्या आत शिरून मी काही पाहिलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. पण म्हणून आत सगळं ठीक आहे असं मानायचं? आणि कुणाच्या शब्दावर, तर आमच्या व्हर्लिनच्या! नवरा आहे माझा, माणूस सज्जन, पण फायरप्लेसची मागची फरशी वरपासून खालपर्यंत तडकली तरी म्हणतो काय, "अगं, लोखंडाला काय होतंय?"

काय होतंय? तापतं, वाकतं, गंजतं, झिजतं! तुम्हाला सांगते, इथे मिनेसोटात खऱ्या विटांची फायरप्लेस आहे किती जणांकडे? पत्र्याची पेटी, आत विटांचं सोंग घेतलेल्या फरश्या, आणि पेटीमागे दोन बोटांवर घराचा लाकडी सांगाडा... दोन बोटांवर! फरशी तडकली की जाळ पत्र्याला, पत्र्याची धग लाकडाला. वरच्या भिंतीवर बशीएवढा तपकिरी डागही उमटलाय.

धुराडं साफ करणाऱ्या लॉइडला बोलावलं. तो पेटीत डोकं खुपसून म्हणाला, "बाई, ही फरशी आता बनत नाही. दुसरी कुठली बसवू नका."

"मग करू काय?"

"पेटवू नका."

"आणि आतलं लाकूड? करपलंय?"

"ते भिंत फोडल्याशिवाय कसं कळणार?"

फोडा म्हणे! त्या भिंतीवरचा एकेक दगड माझ्या सासऱ्यांनी, ऑर्विलनी, सरोवराच्या काठावरून वेचून आणून बसवलेला. ते वसंतात गेले. आणि यंदाच्या नाताळला सासूबाई, म्हणजे आर्डिस, पहिल्यांदाच एकट्या आमच्याकडे यायच्या होत्या, त्या पेटीसमोरच्या खुर्चीत बसायला. आता सांगा, नाही कसं म्हणायचं? आमच्याकडे 'नाही' म्हणायची रीतच नाही हो!

पण मी म्हटलं. "आर्डिस, यंदा जाळ नाही."

"छे गं, माझ्यासाठी कशाला पेटवताय? मी कोट घालून बसते की." आणि लगेच, "ऑर्विल मात्र म्हणायचा, लोखंडाला काय होतंय..."

म्हणजे हे वाक्य पिढीजात!

"एकच ओंडका," व्हर्लिन कुजबुजला, "बारीकसा."

"सांगाड्याला ओंडका बारीक आहे हे कळवशील का तू?"

नाही पेटवला. पण धुराड्यातली झडप गंजून अर्धी उघडीच अडकलेली, त्यातून बाहेरचा सगळा गारठा आमच्या अंगावर! आणि आम्ही तिघं कोट घालून, मांडीवर लेफ्सेच्या, म्हणजे बटाट्याच्या नॉर्वेजियन पोळ्यांच्या, बश्या घेऊन, त्या थंडगार पेटीसमोर बसलोय... हललं कुणी? छे! सासूबाईंनी दोन्ही तळवे पेटीकडे धरले. "जरा बरं वाटतंय हो." व्हर्लिनने धरले. आणि मी, ज्या बाईने उष्णतेच्या वहनावर विद्यापीठात प्रबंध लिहिलाय त्या मीसुद्धा, धरले! काय करणार? सासूबाईंचे डोळे भरले होते.

आता तेवढ्यावर संपावं की नाही? नाताळच्या आधीच मी त्या डागाभोवती पेन्सिलीने रेघ मारून ठेवली होती. काल पाहिलं, तर डाग रेघेच्या बोटभर बाहेर! आणि पेटीत तेव्हापासून काडीसुद्धा पेटलेली नाही. मग तो धगीचा म्हणावा, तर धग कुठली? धुराड्यावरचं झाकण गंजून पाणी मुरतंय म्हणावं, तर छपरावर सगळा घट्ट गोठलेला बर्फ. लॉइड येऊन टोपी काढून बघत उभा राहिला, मग टोपी घालून निघून गेला.

डाग कशाचा, ठाऊक नाही. वाढतोय, एवढं मात्र खरं.